फाइलला लेबल मशीन लावतं, पण ती कोणी उघडायची हे माणसांनीच बसून ठरवावं लागतं

आमच्या संस्थेत डेटा क्लासिफिकेशनची, म्हणजे कुठली माहिती किती गोपनीय ते ठरवायची, पॉलिसी कागदावर बरीच वर्षं होती. पातळ्या ठरलेल्या, प्रत्येकीची व्याख्या लिहिलेली, खाली सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या. आणि दुसरीकडे शेअर ड्राइव्हवर, मेलमध्ये, क्लाउडवर पसरलेल्या लाखो फाइली, त्यातल्या एखाद्याच फाइलीच्या हेडरमध्ये कोणीतरी हाताने "कॉन्फिडेन्शियल" टाइप केलेलं. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या २०२२ च्या आवृत्तीत माहितीचं वर्गीकरण हा ५.१२ नंबरचा कंट्रोल, म्हणजे सुरक्षेचा उपाय, आहे, लेबलिंग ५.१३, ॲक्सेस कंट्रोल (कोण काय उघडू शकतं) ५.१५ आणि ॲक्सेस राइट्स ५.१८. ऑडिटच्या तयारीत हे सगळे वेगवेगळ्या लोकांना वाटून दिले गेले, वर्गीकरण आणि लेबलिंग माझ्याकडे आलं आणि ॲक्सेसचं काम दुसऱ्या टीमकडे गेलं. ही वाटणी मला पहिल्याच मीटिंगपासून खटकत होती आणि पुढे जे जे झालं त्याने ते मत पक्कंच झालं. फाइल गोपनीय आहे म्हणायचं आणि कोणापासून गोपनीय ते सांगायचंच नाही, याला काय अर्थ आहे? म्हणून मी हट्टाने ॲक्सेसवाल्या टीमला प्रत्येक मीटिंगला बोलवत राहिले, त्यांनाही ते पटलं, आणि हे काम आम्ही शेवटी एकत्रच केलं.

सुरुवात पातळ्यांपासून. जुन्या पॉलिसीत मुख्य पातळ्या आणि त्यांच्या पोटात उपपातळ्या असं बरंच काही होतं, "अंतर्गत मर्यादित", "अंतर्गत विभागीय" वगैरे. आम्ही एकच कसोटी लावली, की दोन लेबलांमुळे पुढे घडणारी गोष्ट एकच असेल, म्हणजे तीच माणसं उघडू शकतात, तेच बाहेर पाठवायचे नियम, तीच साठवण, तर ती दोन लेबलं वेगळी ठेवायची नाहीत. ही कसोटी लावल्यावर चारच उरली: सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. कायदेशीर विभागाला एक पाचवं हवं होतं, त्यावर बराच वाद झाला, पण त्यांना हवी होती ती वेगळी माणसं, वेगळी पातळी नव्हे, हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. मग पातळी तीच ठेवून त्यांच्यासाठी ग्रुप वेगळा केला आणि विषय मिटला. माझ्या मते या सगळ्या कामातलं सगळ्यात उपयोगी संभाषण तेच होतं, कारण लेबल कुठे संपतं आणि रोल, म्हणजे कामानुसार मिळणाऱ्या अधिकारांचा गठ्ठा, कुठे सुरू होतो ते तिथे सगळ्यांना पहिल्यांदा नीट दिसलं.

आता मशीन ओळखतं कसं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं की टूल घेतलं, ऑन केलं की ते सगळं समजून घेतं. तसं नसतं. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पॅटर्न, अमुक इतके आकडे अमुक रचनेत. उदाहरणार्थ कार्ड नंबर. सलग १६ आकडे एवढाच नियम ठेवला तर स्टॉकच्या यादीतले कोड, कुरियरचे नंबर, कुठल्यातरी सिस्टिमचे ट्रॅन्झॅक्शन आयडी सगळं पकडलं जातं. म्हणून पुढची पायरी चेकसमची, म्हणजे आकड्यांवर ठरलेलं गणित करून नंबर खरा असू शकतो का ते बघायची. कार्ड नंबरसाठी लून अल्गोरिदम वापरतात, आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी तो शोधला, १९६० साली त्याचं पेटंट मिळालं. उजवीकडच्या दुसऱ्या आकड्यापासून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, ९ च्या वर गेला तर त्यातून ९ वजा करायचे, सगळ्यांची बेरीज १० ने भागली गेली पाहिजे. ऐकायला भक्कम वाटतं ना? पण कुठलेही १६ आकडे सहज उचलले तरी दर दहातला एक नंबर ही परीक्षा योगायोगाने पास होतोच. म्हणजे हजार कोड असलेल्या स्टॉकच्या शीटमध्ये साधारण शंभर "कार्ड नंबर" सापडणार. आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, त्याला ९७ ने भागायची तपासणी असते, तिथे योगायोगाने पास होणारे शंभरात एखादाच, त्यामुळे तो नियम आमच्याकडे जवळपास त्रासाविना चालला. कार्डाच्या नियमाने मात्र दमवलं.

मग तिसरी पायरी, आजूबाजूचे शब्द. नंबराच्या जवळ "कार्ड", "एक्स्पायरी", "सीव्हीव्ही" असं काही आहे का ते बघायचं, जवळ म्हणजे आमच्याकडे ३०० अक्षरांच्या आत. वर्ड डॉक्युमेंटमध्ये आणि मेलमध्ये हे छान चालतं. स्प्रेडशीटमध्ये "कार्ड नंबर" हे शब्द पहिल्या ओळीत, आणि खाली नुसते आकडे हजारो ओळी, म्हणजे पहिल्या काही ओळींनंतर तो शब्द जवळ राहतच नाही. ज्या फाइलीत सगळ्यात जास्त नंबर आहेत तीच कमी खात्रीची ठरते आणि ज्या मेलमध्ये एकच नंबर आहे ती खात्रीने पकडली जाते, अगदी उलटं. त्यासाठी स्प्रेडशीटला वेगळा नियम लिहावा लागला, शब्द फाइलीत कुठेही चालेल पण नंबर किमान इतके हवेत, असा.

टेस्ट डेटाचं तर विचारूच नका. ४१११ ११११ ११११ ११११ हा नंबर पेमेंटचं काम करणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला पाठ असतो, तो टेस्टिंगसाठीच आहे आणि तो लूनची परीक्षा व्यवस्थित पास होतो. डेव्हलपमेंट टीमची सगळी डॉक्युमेंटं, ट्रेनिंगचे पीपीटी, टेस्ट केसच्या शीटा धडाधड अतिगोपनीय. ते नंबर वगळायची यादी करून दिली तेव्हा ते शांत झालं. आणि कोरे फॉर्म! फॉर्मवर "पासपोर्ट क्रमांक", "जन्मतारीख", "खाते क्रमांक" असे सगळे शब्द असतात आणि भरलेलं काहीच नसतं. उलट बाजूला, स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, त्यातलं अक्षर न अक्षर संवेदनशील असलं तरी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) चालू नसेल तर मशीनला ते रिकामं पान. पासवर्ड लावलेल्या झिप तर उघडतच नाहीत. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं की रिपोर्टमध्ये "काही सापडलं नाही" आणि "वाचता आलं नाही" हे दोन आकडे वेगवेगळे दाखवा, एकत्र केलेत तर वरच्या लोकांना वाटतं सगळं स्वच्छ आहे.

आणखी एक हिशोब मी प्रत्येक विभागाला करून दाखवायचे. समजा १ लाख फाइली आहेत, त्यातल्या खरोखर अतिगोपनीय ५००. नियम इतका चांगला की पाचशेच्या पाचशे पकडतो आणि बाकीच्यांमध्ये फक्त १ टक्का चुकतो. म्हणजे ९९,५०० चा एक टक्का, ९९५ फाइली चुकून पकडल्या. एकूण पकडल्या १,४९५, त्यातल्या दोनतृतीयांश चुकीच्या. "९९ टक्के अचूक" हे वाक्य ऐकून खूश झालेल्या माणसाला हा हिशोब दाखवला की तो गप्प बसून विचार करायला लागतो, आणि मग रिव्ह्यूला माणसं द्यायला तयार होतो. तेवढ्यासाठी तरी तो दाखवावा.

आणि इथूनच खरा विषय चालू झाला. नियम थेट लागू करायच्या आधी सिम्युलेशनमध्ये चालवायचे, म्हणजे लेबल लागत नाही, नुसती यादी मिळते की लागलं असतं तर कुठे लागलं असतं. ती यादी तपासायची. पण तपासायची म्हणजे काय, कोणीतरी फाइल उघडून बघायची की हा खरंच पगाराचा तक्ता आहे का कसली तरी कोडची यादी आहे. एचआरच्या प्रमुखांसमोर मी हे मांडलं तर त्यांनी लगेच हात वर केला.

"म्हणजे आमच्या पगाराच्या शीटा, मेडिकल लीव्हचे अर्ज, वॉर्निंग लेटरं तुमच्या टीममधला कोणीतरी उघडून बघणार? नियम बरोबर चाललाय का ते बघायला?"

"मॅडम, कोणीतरी उघडल्याशिवाय कळणारच नाही."

"मग ते कोणीतरी आमच्यातलं असेल. आज ज्याला ती फाइल बघायचा अधिकार आहे तोच बघेल. तुमचा नियम तपासायचाय म्हणून नवीन माणसाला अधिकार मिळणार नाही."

मला ते शंभर टक्के पटलं आणि मी ते तसंच्या तसं नियमात लिहून घेतलं. कारण विचार करा, क्लासिफिकेशनचं टूल काय करतं, तर संस्थेतली सगळ्यात नाजूक माहिती कुठे कुठे ठेवलीय त्याचा एक नकाशा तयार करतं. आधी ती माहिती हजार ठिकाणी विखुरलेली असते, शोधणाऱ्याला शोधावी लागते. आता एका स्क्रीनवर यादी, अतिगोपनीय क्लिक केलं की सगळं समोर. म्हणजे तो स्क्रीन बघू शकणारा माणूस संस्थेतल्या कुठल्याही संचालकापेक्षा जास्त बघू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या पर्व्ह्यू या टूलमध्ये यासाठी दोन वेगळे रोल ठेवलेत, कंटेंट एक्स्प्लोरर लिस्ट व्ह्यूअर आणि कंटेंट एक्स्प्लोरर कंटेंट व्ह्यूअर. पहिल्याला नुसती फाइलींची नावं आणि जागा दिसतात, दुसऱ्याला आतला मजकूरही, आणि त्या फाइलीवर त्याला स्वतःची परमिशन नसली तरी हा रोल असला की मजकूर दिसतो. हे वाचून मी थबकले होते. आणि नुसती यादी तरी निरुपद्रवी कुठे असते, फाइलीचं नावच जर कर्मचाऱ्याचं नाव आणि पुढे "टर्मिनेशन" असं असेल तर आत काय बघायचं राहिलं?

म्हणून आम्ही टूलचेच रोल आधी बसवले, बाकी संस्थेचे नंतर. नियम लिहिणारा एक, तो मजकूर बघू शकत नाही. यादी बघणारे दुसरे, विभागवार, म्हणजे फायनान्सवाल्याला फायनान्सच्याच जागा दिसणार. मजकूर बघणारे प्रत्येक विभागातले एकदोनच, आणि त्यांनाही तो अधिकार रिव्ह्यूच्या मुदतीपुरता, मुदत संपली की आपोआप जाणार. या सगळ्यांचा लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय बघितलं त्याची नोंद, बघणारा चौथा, जो वरच्या तिघांत नाही. लहान टीममध्ये इतकी माणसं कुठून आणायची असं आमच्याकडेही विचारलं गेलं, तर निदान दोन गोष्टी एकाच माणसाकडे जाऊ देऊ नका, नियम बदलणं आणि लॉग तपासणं. बाकी तडजोड चालेल, ही नाही.

रोल या कल्पनेचा थोडा इतिहास मी त्या काळात वाचला आणि त्याचा मला खरंच उपयोग झाला. १९७५ मध्ये सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी लिहिलेल्या पेपरात लीस्ट प्रिव्हिलेजचं तत्त्व आहे, प्रत्येकाला कामापुरताच अधिकार. १९९२ मध्ये फेरायोलो आणि कुह्न यांनी रोल बेस्ड ॲक्सेस कंट्रोल मांडला, पुढे २००४ मध्ये त्याचं अमेरिकेत ॲन्सी (तिथली राष्ट्रीय मानक संस्था) स्टँडर्ड झालं. कल्पना सोपी, परवानगी माणसाला द्यायची नाही, रोलला द्यायची, आणि माणसाला रोल द्यायचा. त्या स्टँडर्डमध्ये ड्यूटी वेगळ्या ठेवायचे दोन प्रकार आहेत, एक म्हणजे दोन रोल एकाच माणसाला कधीच द्यायचे नाहीत, आणि दुसरा म्हणजे दोन्ही असले तरी एकाच सेशनमध्ये दोन्ही वापरता येणार नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या प्रकाराने बरीच सोय झाली कारण काही माणसं खरंच दोन टोप्या घालतात.

आता प्रत्यक्षात आमच्याकडे काय होतं, तर "त्याच्यासारखाच ॲक्सेस द्या". नवीन माणूस आला की मॅनेजर मेल टाकणार, आमच्या अमक्यासारखा ॲक्सेस द्या, आणि तो अमका म्हणजे तीन विभाग फिरून आलेला जुना माणूस, त्याच्याकडे प्रत्येक विभागातला ॲक्सेस साठत गेलेला. ते सगळं गाठोडं नवीन माणसाच्या पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यावर. कोणाचीच वाईट भावना नसते यात, मॅनेजरला फक्त नव्या माणसाचं काम अडायला नको असतं. जॉइन होणारा आणि सोडून जाणारा या दोघांची प्रोसेस सगळीकडे थोडीफार तरी असतेच, मधला माणूस, म्हणजे एका विभागातून दुसऱ्यात गेलेला, त्याची नसते. नवीन ॲक्सेस मागायला तो स्वतः येतो, जुना काढायला कोणीही येत नाही. आम्ही ते एचआरच्या सिस्टिमला जोडलं, तिथे विभाग बदलला की जुन्या विभागाचे रोल थोड्या दिवसांच्या हँडओव्हरनंतर आपोआप जातात, आणि हवेच असतील तर नव्या मॅनेजरने नव्हे, जुन्या विभागाच्या डेटा ओनरने हो म्हणायचं. हे शेवटचं वाक्य मंजूर करून घ्यायला जेवढं भांडावं लागलं तेवढं कशालाच नाही, पण माझ्या मते अख्ख्या कामात त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नव्हतं.

डेटा ओनर. हा शब्द पॉलिसीत होता, माणूस नव्हता. प्रत्येक मोठ्या फोल्डरसाठी आम्ही विचारत गेलो, हे कोणाचं? आयटीवाले म्हणतात आम्ही फक्त जागा देतो, विभाग म्हणतो सिस्टिम आयटीची आहे. काही फोल्डर असे निघाले की ज्यांचे बनवणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेत, पण त्यात करारांच्या सह्या केलेल्या प्रती आहेत. असल्या बेवारस फोल्डरसाठी नियम केला, मालक सापडेपर्यंत फक्त वाचता येईल, तेही विभागप्रमुखालाच, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी पुढे आलं नाही तर आर्काइव्ह. अडवलं गेलं की मालक पुढे येतात. लोक पटापट आले, "अहो ते आमचंय, आमचं काम थांबलंय", आणि मग त्यांच्याबरोबर बसून कोणाला काय लागतं ते लिहून काढलं. प्रत्येक मालकाबरोबर हे बसणं म्हणजे वेळखाऊ काम, त्याला शॉर्टकट मला तरी सापडला नाही, आणि ज्या विभागांत ते नीट झालं तिथे पुढे लेबलवरून तक्रारी जवळपास आल्याच नाहीत.

मालकांबरोबर बसल्यावरच कळतं की मशीनला काय काय कळू शकत नाही. तिमाही निकालाचे आकडे घ्या. जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी ते अतिगोपनीय, बाहेर गेले तर मोठं प्रकरण, आणि जाहीर झाल्यावर तेच आकडे, तीच फाइल, सार्वजनिक. आतल्या मजकुरात एका अक्षराचा फरक नाही. मशीन मजकूर बघतं, तारीख आणि घटना त्याला कोण सांगणार? तिथे मालकाने तारीख टाकायची आणि त्या दिवशी लेबल उतरवायचं, मशीनने मध्ये पडायचं नाही. दुसरं, एकत्र झाल्याने बदलणारी किंमत. एका ग्राहकाचा पत्ता असलेली मेल ही अंतर्गतच, पण दहा हजार ग्राहकांच्या पत्त्यांची एक्स्पोर्ट केलेली शीट ही वेगळीच गोष्ट, म्हणून नियमात संख्येची मर्यादा घातली. आणि करार. कराराचा मसुदा, सही झालेला करार आणि कराराचा नमुना हे तिन्ही मशीनला सारखेच दिसतात. त्यासाठी नमुने देऊन शिकवायचा क्लासिफायर वापरला, पर्व्ह्यूत त्याला ५० ते ५०० चांगली उदाहरणं द्यावी लागतात, आणि उलट उदाहरणंही. ती उदाहरणं कायदेशीर विभागातल्याच माणसाने निवडली, आयटीने निवडली असती तर फाइलीच्या नावावरून निवडली असती आणि मशीनही तेच शिकलं असतं.

यावरून एक साधा नियम निघाला जो आजही तसाच आहे. मशीन लेबल वर चढवू शकतं, खाली उतरवू शकत नाही. माणसाने हाताने लावलेलं जास्त कडक लेबल मशीन पुसत नाही. उतरवायचं तर माणूस लागतो आणि त्याला कारण लिहावं लागतं. ती कारणं मी सुरुवातीला रोज वाचायचे. बरेच जण नुसतं टिंब टाकून पुढे जातात, पण जे लिहितात ते सोन्यासारखं असतं. एका विभागातून सारखं एकच कारण येत होतं, "बाहेरच्या ऑडिटरला पाठवायचंय, गोपनीय असलं की जात नाही". म्हणजे लोक नियम मोडत नव्हते, त्यांच्या रोजच्या कामाला आमच्या रोलमध्ये जागाच नव्हती. मग बाहेरच्या तपासणाऱ्यांसाठी वेगळा रोल केला, फक्त वाचायचा, मुदतीचा, फाइल बाहेर न पाठवता त्यांनाच आत येऊन बघायला लावणारा, आणि लेबल उतरवणं त्या विभागात जवळपास थांबलं. ज्याला कोणाला हे काम करायचंय त्याने ही कारणं जरूर वाचावीत, रिपोर्टवरच्या टक्केवारीपेक्षा त्यातून जास्त कळतं.

लेबलबरोबर एन्क्रिप्शन, म्हणजे अधिकार नसलेल्याला फाइल वाचताच येऊ नये असं कुलूप, लावायचं ठरलं तेव्हा सर्व्हिस अकाउंटांकडे, म्हणजे माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या अकाउंटांकडे, लक्ष गेलं. रात्री चालणारे जॉब, जे फोल्डरमधल्या फाइली उचलून रिपोर्ट बनवतात, ते कुठल्याच माणसांच्या ग्रुपमध्ये नसतात. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, एका फोल्डरला अतिगोपनीय लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला रिपोर्ट रिकामा. पायलट होता म्हणून ठीक. पण त्या निमित्ताने त्या अकाउंटची परमिशन बघितली तर त्याला जवळपास सगळ्याच फोल्डरांवर वाचायचा हक्क होता, आणि पासवर्ड बऱ्याच जणांना माहीत. माणसांच्या रोलवर एवढी चर्चा आणि हे अकाउंट सगळ्यांच्या वर. सगळ्या सर्व्हिस अकाउंटांना मग मालक नेमले, प्रत्येकाला लागतो तेवढाच फोल्डर दिला. आणि एन्क्रिप्शनचा दुसरा मुद्दा, लेबल ज्या ग्रुपला जोडलंय तो ग्रुपच जर घाण असेल, म्हणजे त्यात ग्रुपमधले ग्रुप आणि त्यातही सोडून गेलेल्या विभागाची माणसं, तर एन्क्रिप्शन करून काय मिळवलं? आधी ग्रुप साफ, मग लेबल, हा क्रम आम्ही कुठेच मोडला नाही.

लोकांशी बोलायचं राहून जातं बघा या सगळ्यात. एका मीटिंगनंतर एक कर्मचारी मागे थांबली आणि हळूच विचारलं की माझ्या आजारपणाचा अर्ज मशीन वाचणार का. मी तिला सरळ सांगितलं की मशीन त्यावर पॅटर्न चालवणार, हो, आणि मॅच आला तर एचआरमधली ज्यांना तो अर्ज आधीपासूनच बघता येतो तीच व्यक्ती बघू शकते, आमच्यातलं कोणी नाही, आणि बघितलं तर त्याची नोंद होते आणि ती नोंद तिसरं कोणीतरी तपासतं. युरोपातल्या जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्यात आरोग्याची माहिती कलम ९ खाली खास प्रकारात धरलीय, तिला जास्त संरक्षण आहे, आणि मला तो विचार कायद्याच्या पलीकडेही बरोबर वाटतो. म्हणून आरोग्यासंबंधीच्या नियमांचं सिम्युलेशन आम्ही शेवटी, सगळे रोल बसल्यावरच चालवलं. हे उत्तर द्यायला मला जमलं कारण रोल आधी बसलेले होते, नसते बसले तर तिला काय सांगणार होते मी?

ॲक्सेस रिव्ह्यूबद्दलही सांगायला हवं. दर तिमाहीला मॅनेजरला शंभर ओळींची यादी जायची, तो सगळ्यांना टिक करून परत पाठवायचा. त्याला दोष देत नाही, ग्रुपांची नावं अशी की ती बनवणाऱ्यालाच कळतील. आम्ही तीन बदल केले. यादीत फक्त गोपनीय आणि अतिगोपनीय असलेल्याच जागा, बाकी वगळल्या. प्रत्येक ओळीपुढे शेवटचा वापर कधी झाला ती तारीख, आणि ग्रुपच्या नावाऐवजी "पगाराचे तक्ते वाचू शकतो" असं साध्या भाषेत. आणि उत्तर आलं नाही तर ॲक्सेस राहतो हे उलटं करून उत्तर आलं नाही तर जातो. तिसऱ्या बदलाने थोडा आरडाओरडा झाला पण यादी खरोखर वाचली जायला लागली. इथे क्लासिफिकेशनने ॲक्सेसवाल्या टीमचं काम हलकं केलं, कारण कुठे काय नाजूक आहे हे कळल्याशिवाय यादी छोटी करताच आली नसती.

सगळ्यात वरच्या ॲडमिनांचं तसं लवकर उरकलं. मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे की ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर पाचपेक्षा कमी असावेत, आणि अडीअडचणीसाठी किमान दोन इमर्जन्सी अकाउंट वेगळी ठेवावीत. आमच्याकडे खूपच जास्त होते, ते कमी केले, उरलेल्यांना तो अधिकार लागेल तेव्हा मागून तेवढ्या तासांपुरता मिळतो.

सध्या चाललंय ते "सगळे कर्मचारी" या ग्रुपचं. संस्थेत एआय असिस्टंट आणायचं ठरतंय, आणि हे असिस्टंट विचारणाऱ्या माणसाला जे जे उघडता येतं त्या सगळ्यातून उत्तर शोधून देतात. आजवर कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फोल्डरला चुकून सगळ्यांना वाचायचा हक्क असला तरी तिथे कोणी जायचं नाही म्हणून निभावत होतं. आता "आमच्या विभागाचं बजेट किती" असं विचारलं की तो कोपरा आपणहून समोर येईल. म्हणून जिथे हा ग्रुप आहे आणि मशीनने गोपनीय किंवा त्यावरचं लेबल दिलंय अशा जागांची यादी काढून मालकांकडे पाठवलीय, एचआर आणि फायनान्सची झाली, कायदेशीर विभागाची चालू आहे, आणि स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफचं ओसीआर पूर्ण होईपर्यंत त्या आर्काइव्हला असिस्टंटच्या शोधातून बाहेरच ठेवायचं असं लेखी घेतलंय.